३३.२५ चं भोक: कूलरच्या एका झाकणाचं प्रकरण

रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपात मासेमारी बंदीच्या काळात घाटावरून एक गनमेटलचं झाकण मशीन होऊन आलं. ते ट्रॉलरच्या इंजिनावरच्या हीट एक्स्चेंजरचं, म्हणजे बोटवाल्यांच्या भाषेत कूलरचं, खाऱ्या पाण्याच्या बाजूचं झाकण होतं. फिनिश चांगलं, फ्लॅंज, म्हणजे बॉडीवर टेकणारी कड, सपाट, बोल्टची भोकं जागच्या जागी. पण आटे एकाही भोकात नव्हते. जॅक बोल्टची, म्हणजे झाकण उचलायच्या बोल्टची, दोन भोकं ६.८ मिमीची साधी होती आणि पाण्याच्या नळीचं मधलं भोक ३३.२५ मिमीचं, आरशासारखं गुळगुळीत. पहिली दोन भोकं टर्नरकाकांनी हातटॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) पटकन उरकली. तिसऱ्या भोकासाठी धातूच उरला नव्हता.

चूक तिन्ही भोकांत एकच होती, आट्यांची माहिती फाइलबरोबर गेलीच नाही. तरी दोन भोकं वाचली आणि एक गेलं. असं का झालं, ते फाइल कशी बदलत गेली हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

आधी झाकणाविषयी. कूलरच्या नळ्यांतून समुद्राचं पाणी जातं आणि नळ्यांच्या बाहेरून इंजिनाचं गोडं पाणी फिरतं. झाकण सहा एम८ (८ मिमीच्या मेट्रिक) बोल्टांनी कूलरच्या बॉडीला बसतं, म्हणजे झाकणात ही भोकं आरपार आणि साधी; आटे बॉडीत. मधल्या बॉसमध्ये, म्हणजे जाड उंचवट्यात, एक इंची बीएसपी (ब्रिटिश पाइप आट्यांचा) निपल, म्हणजे नळीचा आटेदार तुकडा, बसतो, त्यावर होजपाईप. बाजूला झिंकचा प्लग. झिंक स्वतः झिजतं आणि बाकीचा धातू वाचवतं, म्हणून दर मोसमाला ते उघडून बघावं लागतं. शिवाय फ्लॅंजमध्ये समोरासमोर दोन एम८ची आटेदार भोकं नव्याने मागितलेली. गॅस्केट चिकटलं की खलाशी झाकण पेचकसाने उचकटतात आणि फ्लॅंजचं तोंड खराब करतात. त्याऐवजी दोन बोल्ट या भोकांत आवळले की झाकण आपोआप उचलतं. मिरकरवाड्याच्या ज्या तांडेलाचं हे काम होतं त्यानेच ही मागणी केली होती, आणि ती शंभर टक्के रास्त होती.

म्हणजे एकाच झाकणात तीन जातीचे आटे: मेट्रिक, बीएसपी, आणि झिंकच्या प्लगचे, जे कोणते ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

काम डिप्लोमा करून नुकत्याच लागलेल्या मुलाकडे होतं. तो फ्रीकॅड हे थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर वापरतो आणि हात चांगला आहे. पहिल्या फाइलमध्ये त्याने सगळे आटे खरेखुरे काढले. एम८च्या भोकांना होल टूलमधली ‘मॉडेल थ्रेड’ची खूण केली, एक इंचीसाठी हेलिक्स (पिळाची रेषा) काढून त्यावर त्रिकोणी प्रोफाइल फिरवली. निपलही आट्यांसकट बनवला आणि सहा बोल्टही. चित्र देखणं दिसत होतं. फाइल मात्र जड झाली. आट्याचा पृष्ठभाग म्हणजे सॉफ्टवेअरच्या दृष्टीने पिळदार, वाकडा पत्रा; तो दंडगोलातून वजा करताना प्रत्येक छेद मोजावा लागतो, आणि फ्लॅंजची जाडी एक मिलिमीटरने बदलली तरी ते सगळं गणित पुन्हा होतं. लॅपटॉपचा पंखा जेट विमानासारखा ओरडायला लागला की समजायचं, कुणीतरी आटे काढलेत.

पण या फाइलला नावं ठेवण्यात मला रस नाही, कारण पहिलं काम तिने चोख केलं. झाकण बोटीवर बसतं का, होजपाईप इंजिनाच्या पायाला अडतो का, हे बघायला तिच्यावरून पीएलए प्लॅस्टिकचं झाकण थ्रीडी प्रिंट केलं. तांडेलाला ते हातात घेऊन इंजिनरूममध्ये लावून बघता आलं आणि बॉस १० मिमीने पुढे घ्यायचा निर्णय तिथेच झाला. प्रिंटरला टॅप चालवता येत नाही. त्याला आकार दिला तरच आटे येतात. एक इंची बीएसपीचा पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, २.३०९ मिमी; ०.२ मिमीच्या थरात एका आट्याला अकरा-बारा थर मिळतात, त्यामुळे निपल सरळ फिरला. एम८चा पिच १.२५, म्हणजे जेमतेम सहा थर. तिथे बोल्ट अडखळत गेला. ‘आटे कधीच मॉडेल करू नयेत’ असं छातीठोक सांगणारे बरेच भेटतात. प्रिंटसाठी मोठा आटा मॉडेल करावाच, वर दोन-तीन दशांश मिलिमीटर ढील द्यावी.

मग ओतकामाची पाळी आली. फाउंड्रीला आटे नकोत, बोल्टची भोकंही नकोत. मधल्या भोकाला २५ मिमीचा कोअर (भोकाची जागा राखणारा गाभा), मशीन होणाऱ्या तोंडांवर ३ मिमी जादा माल आणि गनमेटल थंड होताना आक्रसतं म्हणून साधारण दीड टक्का मोठा पॅटर्न (ओतकामाचा नमुना). हे फाउंड्रीवाल्यांनी स्वतःच सांभाळलं.

खरा घोळ झाला तो तिसऱ्या फाइलमध्ये, व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनसाठीच्या. मुलाने आधी आट्यांवाली फाइलच स्टेपमध्ये (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात आकार नेणाऱ्या फाइलप्रकारात) काढून पाठवली. घाटावरच्या मशीन शॉपकडून व्हॉट्सॲपवर उत्तर आलं, की आटे काढलेले होल कॅममध्ये (मशीनचा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ओळखले जात नाहीत, साधे करून पाठवा. मागणी बरोबरच होती. कॅम सॉफ्टवेअर भोक शोधतं ते दंडगोल शोधून. व्यास अमुक, खोली तमुक, मग त्यावर ड्रिल आणि टॅप. भोकाची भिंतच पिळदार असेल तर त्याला तिथे भोक दिसतच नाही. मशीनला आट्याचा आकार नकोच असतो, त्याला दोन आकडे हवे असतात. एम८चा टॅप ४०० आरपीएमला फिरवायचा तर फीड ४०० गुणिले १.२५, म्हणजे मिनिटाला ५०० मिमी. उरलेली भूमिती टॅपच्या अंगावर घासून तयार असते.

मुलाने मग ‘मॉडेल थ्रेड’च्या खुणा पुसल्या. एम८च्या भोकांची खूण पुसताच ती ६.८ मिमीची साधी झाली. हा एम८चा नेहमीचा टॅप ड्रिल आहे, म्हणजे आटे पाडण्याआधीच्या भोकाचं माप. हिशोब सोपा, व्यासातून पिच वजा करा, ८ उणे १.२५, म्हणजे ६.७५, आणि बाजारात मिळतं ते ६.८. एम६ला ५, एम१०ला ८.५, एम१२ला १०.२, हे कुठल्याही फिटरला झोपेत विचारा. एक इंचीच्या भोकातून त्याने हेलिक्सचा कट पुसला आणि खाली राहिलं ३०.२९१ मिमीचं भोक, म्हणजे आट्याच्या आतल्या टोकांचा व्यास. इथपर्यंत फाइल बरोबर होती. या अवस्थेत ती गेली असती तर हा लेख लिहायचं काही कारण नव्हतं.

पण असेंब्ली उघडल्यावर निपल लाल दिसायला लागला. निपलचेही आटे त्याने काढून टाकले होते, त्यामुळे तो आता बाहेरच्या व्यासाचा, ३३.२४९ मिमीचा, सपाट दांडा झाला होता. ३३.२५चा दांडा ३०.२९च्या भोकात. सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे म्हणालं, दोन वस्तू एकमेकांत घुसल्यात. मुलाने तेच केलं जे नवा माणूस लाल रंग बघून करतो. भोक मोठं केलं. लाल गेला. फाइल स्टेपमध्ये काढून पाठवून दिली. ड्रॉइंग पाठवलं नाही, कारण ‘मॉडेलमध्ये सगळं आहे’.

आता जॅक बोल्टची भोकं का वाचली बघा. जॅक बोल्ट झाकण काढतानाच लागतात, एरवी ते खोक्यात असतात. म्हणून असेंब्लीत ते ठेवलेलेच नव्हते. बोल्ट नाही तर घुसणं नाही, घुसणं नाही तर लाल नाही, आणि लाल नाही म्हणून ६.८ला कुणी हात लावला नाही. दोन भोकं वाचली ती निव्वळ नशिबाने.

शॉपने काय केलं? फाइलमध्ये होतं ते. स्टेप फाइलमध्ये आकार जातो. हे भोक आट्याचं आहे आणि ते साधं, ही खूण आकारात नसते. सॉफ्टवेअरच्या झाडात, म्हणजे मॉडेलच्या पायऱ्यांच्या यादीत, ‘थ्रेडेड, एम८’ असं लिहिलेलं असलं तरी स्टेपमध्ये काढताना ते मागे राहतं, पलीकडच्याला फक्त गुळगुळीत दंडगोल दिसतो. ६.८चं भोक बघून ‘इथे एम८ असेल का?’ असं जुना मशीनिस्ट विचारतो. ३३.२५ बघून कुणीही तसं विचारणार नाही, कारण तो आकडा बेअरिंगच्या बोअरसारखा दिसतो.

याच्या मुळाशी एक गोष्ट आहे जी डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षी शिकवतात आणि लॅपटॉप हातात आल्यावर विसरली जाते. कागदावर आपण आटे कधी काढतच नव्हतो. आयएसओ ६४१०ची पद्धत: भोकाला जाड वर्तुळ आणि बाहेर पातळ रेषेचं पाऊण वर्तुळ, शेजारी लिहायचं एम८, खोली अमुक. ते पाऊण वर्तुळ म्हणजे खूण होती, चित्र नव्हतं. मॉडेलमध्ये सगळंच चित्र असल्यासारखं वाटतं, म्हणून भोकाचा व्यास हासुद्धा दिसण्याचा प्रश्न होऊन बसतो. तो नसतो. मॉडेलमधला व्यास म्हणजे ड्रिलवाल्याला दिलेला हुकूम.

यात सॉफ्टवेअरंही धड नाहीत. आटे न काढता नुसती खूण ठेवली तर भोक टॅप ड्रिलचं दिसेल, आतल्या व्यासाचं की बाहेरच्या, हे प्रोग्रामप्रमाणे आणि सेटिंगप्रमाणे बदलतं. सॉलिडवर्क्सच्या होल विझार्डमध्ये तर टॅप केलेल्या भोकाला टॅप ड्रिल, कॉस्मेटिक थ्रेड आणि रिमूव्ह थ्रेड असे वेगवेगळे पर्याय आहेत आणि शेवटचा निवडला तर भोक मोठं दिसतं. फाइल बाहेर पाठवण्याआधी प्रत्येक आटेदार भोकावर मोजपट्टी लावून बघणं याला पर्याय नाही. आणि घुसण्याची तपासणी करताना आटेदार जोड लाल दिसणारच, ते बघून सोडून द्यायचे. जो जोड लाल दिसत नाही त्याचीच शंका घ्यावी. फक्त सोडून देण्याची सवय लागली की खरी टक्करही सुटते, म्हणून बोल्ट आणि निपल वेगळ्या गटात ठेवून तपासणी करावी.

आता झिंकच्या प्लगबद्दल, कारण या झाकणात मला सगळ्यात जास्त मजा तिथे आली.

हा बॉस मुद्दाम बंद ठेवला होता, भोक रत्नागिरीतच पाडायचं होतं. तांडेलाने जुना पितळी प्लग आणून दिला, पुढे झिंकचा खाल्लेला बुंधा. मुलाने मोजून सांगितलं, अर्धा इंची बीएसपी. कारण? पिच गेजचं १४चं पान बरोबर बसलं. काकांनी प्लग हातात घेतला, कपड्याने पुसला, व्हर्नियर आट्यांच्या दोन्ही टोकांना लावला. पुढच्या टोकापासून मागच्यापर्यंत व्यास पाऊण मिलिमीटरने वाढत होता, साधारण १२ मिमी लांबीत. म्हणजे निमुळता, १:१६. मग ते दारात गेले, प्लगवर गेजचं पान टेकवून उजेडासमोर धरलं.

“पान बसलं म्हणतोस, पण तळाशी बघ. उजेड येतो की नाय?”

येत होता. गेजच्या पानाचा कोन ५५ अंशांचा आणि प्लगच्या आट्याचा ६०. अर्धा इंची बीएसपी आणि अर्धा इंची एनपीटी, दोघांचेही इंचाला १४ आटे. फरक कोनात. ५५ अंशांचा आटा जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सुचवला, आपल्याकडची पाइपफिटिंग त्याच घराण्यातली; ६० अंश एनपीटीचे, अमेरिकन. एनपीटीचा प्लग बीएसपीच्या भोकात दोन-तीन आटे छान जातो, मग अडतो. माणसाला वाटतं घट्ट बसला. समुद्राचं पाणी मात्र हळूहळू झिरपत राहतं, बोटीच्या बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, जिथे कुणी बघत नाही.

मॉडेलमध्ये हा प्लग ‘अर्धा इंची’ एवढाच लिहिलेला होता. हेलिक्स कितीही सुंदर काढला असता तरी तो चुकीच्या कोनाचा निघाला असता, आणि स्क्रीनवर ५५ आणि ६० मधला फरक कुणाला दिसणार? तिथे आकारापेक्षा एक ओळ जास्त कामाची: १/२-१४ एनपीटी. मॉडेलमध्ये आता तिथे साधं भोक आहे आणि ड्रॉइंगमध्ये ती ओळ. सोबत एक सूचना: या प्लगला टेफ्लॉन टेप लावू नये. निमुळता आटा धातूला धातू घासून आवळतो, आणि झिंकचं काम त्या धातूच्या स्पर्शावरच चालतं. मध्ये टेप आली तर झिंक नुसतं लटकत राहतं. तांडेलाला हे पटायला वेळ लागला. टेपचं बंडल त्याच्या खिशातच होतं.

राहिलं मधलं भोक. नवं ओतकाम करायचं तर पुन्हा घाट, पुन्हा फाउंड्री. पाऊस मी म्हणत होता. बंदी १ जून ते ३१ जुलै, त्यामुळे ऑगस्टच्या पहिल्या दिवशी बोट पाण्यात हवी होती. तीन पर्याय बोलले गेले. भोक वेल्डने भरून पुन्हा बोअर करणं: गनमेटलच्या या ओतकामात शिसं असतं (नेहमीच्या ८५-५-५-५ मध्ये ५ टक्के), वेल्डमध्ये भोकं राहण्याची भीती, आणि फ्लॅंज वाकला तर सगळंच गेलं. दुसरा, साधी बुशी ठोकून आत आटे पाडणं: थरथरणाऱ्या इंजिनावर ठोकलेली बुशी मला रुचत नाही. तिसरा काकांचा होता आणि तोच केला.

बॉस ६० मिमीचा होता. सव्वा इंची बीएसपीचा बाहेरचा व्यास ४१.९१, म्हणजे भिंत अजून ९ मिमी उरते. झाकण फोर-जॉ चकमध्ये धरलं, डायल लावून मध्य काढला, ३३.२५चं भोक ३९.५पर्यंत वाढवलं आणि लेथवर इंचाला ११ आटे कापले, ५५ अंशांच्या टूलने. एक इंची आणि सव्वा इंची दोन्हींचे आटे इंचाला ११च, त्यामुळे गिअर एकदाच लावावे लागले. मग गनमेटलच्या दांड्यातून सव्वा बाय एकची रिड्यूसर बुश केली. हार्डवेअरच्या दुकानात तयार मिळते, पण ती गॅल्वनाइज्ड लोखंडाची; गनमेटल आणि खारं पाणी यांच्यामध्ये लोखंड ठेवलं तर ते आधी संपतं. बुशीची सगळ्यात पातळ भिंत, बाहेरच्या आट्याच्या तळापासून आतल्या आट्याच्या तळापर्यंत, ३८.९५ उणे ३३.२५ भागिले दोन, म्हणजे २.८५ मिमी. चालते. सीलंट लावून आवळली, रात्रभर ठेवली, दाब देऊन बघितली, गळाली नाही.

बोट ठरल्या दिवशी गेली. निपल आता बुशीत आहे आणि पुढच्या खेपेला झाकण बदलायचं झालं तर थेट सव्वा इंचीचंच करावं असं तांडेल म्हणतो, पाणी जास्त येईल म्हणून. पंप तेवढाच असताना पाणी जास्त कुठून येणार हे त्याला दोनदा समजावलं.

वर्कशॉपमध्ये यानंतर जे बदललं ते थोडंच आहे. मुख्य मॉडेलमध्ये आटे नाहीत; आटेदार भोक टॅप ड्रिलच्या मापाचं. प्रिंट काढायचा असेल तर त्याच मॉडेलची वेगळी प्रत करून तिच्यात आटे घालायचे, आणि फाइलच्या नावात ‘प्रिंट’ लिहायचं. स्टेपबरोबर पीडीएफ ड्रॉइंग गेल्याशिवाय फाइल बाहेर जात नाही. आणि आटेदार भोकाच्या भिंतीला लाल रंग द्यायचा, साध्या भोकाला निळा. एपी२१४ प्रकारच्या स्टेपमध्ये रंग टिकतो, त्यामुळे ड्रॉइंग उघडायचा आळस करणाऱ्याच्याही डोळ्यात ते येतं. कुठला रंग कशाचा हे शॉपला आधी सांगून ठेवलंय. एम८च्या बोल्टांची आरपार भोकं निळी, ९ मिमीची, आयएसओ २७३ मधल्या मध्यम बसणीची. ८.४ घेता आली असती, पण जुन्या कूलरच्या बॉडीतली भोकं हाताने मोजलेली आहेत आणि तेवढी जागा हवीच.

मुलाने एक गोष्ट स्वतःहून केली. असेंब्लीत जॅक बोल्टही टाकले. तपासणी चालवली की आता ते दोन्ही लाल दिसतात, आणि तो त्यांच्याकडे बघून पुढे जातो.

अर्धा इंची एनपीटीचा टॅप मात्र रत्नागिरीत कुठल्याही दुकानात मिळाला नाही. तो शेवटी मुंबईहून मागवला, आणि काकांनी त्याचं खोकं कपाटात बीएसपीच्या टॅपपासून दोन खण लांब ठेवलंय.